काटा शून्यावर

सोमवार, ४ एप्रिल २००५

आज तलावाचं गेट उघडलं आणि मी नेमकी उशिरा पोचले. अकोटहून साडेआठची एसटी सव्वानऊला सुटली, पुढे फाट्यावरून दोन किलोमीटर पायी. तोवर गेट सांभाळणाऱ्या इनायतुल्लाचाचांचं हँडल फिरवून झालंसुद्धा होतं आणि कालव्यात पाणी धावत होतं. बैठकीत ठरलंय तसं दोन दिवस कालव्यातून नाल्यात पाणी सोडायचं, खालच्या गावांच्या गुराढोरांसाठी. मग गेट बंद. उरलेलं सगळं नऊ गावांच्या पिण्याचं, पावसाळा लागेपर्यंत. खाली सगळा खारपाण पट्टा, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. हा तलाव म्हणजे नऊ गावांचा एकच माठ.

"चाचा, किती फेरे दिले?" मी वही काढून विचारलं.

त्यांनी कपाळावर बोट ठेवलं. "इथं हाय आकडा. एकतीस वर्षं झाले बेटी, कागदावर कदी उतरवला नाई. जेवढे उघडाले तेवढेच बंद कराले. कागद भिजते, डोकं भिजत नाई."

म्हणजे सांगणार नाहीत. मला पाटबंधारे खात्यात अनुकंपेवर कारकुनाची नोकरी लागून वर्ष झालं, पण मोजणीदार नाही म्हणून गेज, म्हणजे तलावाच्या पातळीची पट्टी, वाचायला साहेब मलाच पाठवतात. चाचांच्या लेखी मी अजून शिकाऊच. येता-जाता परीक्षा घेतात. मागच्या आठवड्यात विचारलं, "तू कोनाची वो?" वर्षभर रोज भेटून! मीही ठसक्यात सांगितलं, "जानराव गवईची." हसले, आणि मला चहा दिला.

हँडलशेजारी एक तबकडी आहे, ताटाएवढी. तिच्यावर चाचांनीच पांढऱ्या रंगाने वीस रेघा मारल्यात. हँडल एकदा पूर्ण फिरलं की खटका 'टक्' वाजतो आणि काटा एक रेघ पुढे सरकतो. म्हणजे तीनशे साठ भागिले वीस, एका फेऱ्याला अठरा अंश. आज काटा चौदाव्या रेघेवर होता. शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक अजून माझ्या पर्समध्ये असतो (हसा खुशाल), तो लावून पाहिला. दोनशे बावन्न अंश, बरोबर. इथे चित्र काढून ठेवते. वहीत काहीतरी नोंद हवी ना.

चाची, म्हणजे हाजराबी, गेटाशेजारच्या क्वार्टरच्या खिडकीत बसून तस्बीहच्या, त्यांच्या जपमाळेच्या, एका मण्याला लाल दोरा बांधत होत्या. मन्नत असावी. मी विचारलं नाही.

बुधवार, ६ एप्रिल

गेट बंद झालं. चाचा हँडल फिरवत असतानाच साहेबांची जीप आली. चाचांनी हात थांबवला, सलाम केला, साहेबांनी तब्येत विचारली, मुलगी नगमा बाळापूरला सासरी कशी आहे ते विचारलं, आणि मला घेऊन गेजच्या पायऱ्या उतरले. आम्ही पट्टी वाचली, चार मीटर अठरा. वर आलो तेव्हा काटा शून्यावर होता आणि चाचा हँडलला कापड गुंडाळत होते.

"काटा शून्यावर, काम झालं," साहेब म्हणाले. त्यांच्यामागे मोठ्या लोकांच्या दौऱ्याची तयारी आहे. हल्ली जिल्ह्यात रोज कोणीतरी परिस्थिती पाहायला येतं. गेले.

चाचांनी चहा दिला. कप खाली ठेवला तर पुन्हा दिला. मी म्हटलं आत्ताच झाला, तर म्हणाले, "तो साहेबाचा व्हता, हा तुहा." गोड माणूस आहे पण हट्टी.

चाचींनी आज दुसऱ्या मण्याला पांढरा दोरा बांधला. दोन-दोन मन्नती! आणि चेहरा मात्र असा, जणू कोणी ओरडलंय.

सोमवार, ११ एप्रिल

गेज तीन मीटर त्र्याण्णव.

पुन्हा वाचलं. खाली वाकून, पट्टी पुसून वाचलं. पाच दिवसांत पंचवीस सेंटिमीटर. उन्हाने वाळणं आणि नऊ गावांचं पिणं मिळून रोजचे दोन जायला हवेत, पाच जातायत.

एक मीटर वीसच्या खाली पंप चिखल ओढतो. दोनशे त्र्याहत्तर भागिले पाच, चोपन्न दिवस. म्हणजे चार जून. दोनच्या हिशेबाने ऑगस्ट संपत आला असता. मी हा भागाकार एसटीत तीन वेळा केला. शेजारची बाई म्हणाली, "पोरी, परीक्षा हाय काय तुही?"

बुधवार, १३ एप्रिल

कालव्याच्या तोंडाशी जाऊन आले. तिथे बेशरमाची झुडपं माजलीत, त्यामुळे कोणी फिरकत नाही. गेटाचं रबर जुनं आहे, थोडी गळती कायमचीच. पण गेल्या उन्हाळ्यात मी तो ओघळ टांग टाकून ओलांडला होता. आज सलवार वर धरून उतरावं लागलं.

चाचांना सांगितलं. म्हणाले, "म्हातारं गेट हाय, गळनच. आमी बी गळतो आता." स्वतःच हसले. मला हसू आलं नाही.

गुरुवार, १४ एप्रिल

जयंती. आई पांढरं लुगडं नेसली, मी पुतळ्यापाशी वंदनेला गेले. आमच्या नगरातल्या मुलींचं लेझीम होतं. शिट्टी झाली की सगळ्यांनी जागच्या जागी गिरकी घ्यायची आणि पुन्हा पुतळ्याकडे तोंड करून थांबायचं. मध्येच एक चिमुरडी अडखळली. बाकीच्यांनी दोन गिरक्या घेतल्या, हिने एकच. पण थांबल्या तेव्हा सगळ्यांची तोंडं पुतळ्याकडेच. बाईंना कळलंसुद्धा नाही.

मी तिथेच पर्समधून वही काढली.

काटा शून्यावर आहे म्हणजे गेट बंद आहे, हे कोणी सांगितलं? वीस फेऱ्यांनी काटा शून्यावर येतो, चाळीसने येतो, साठने येतो. काटा फक्त उरलेलं सांगतो. पूर्ण किती फिरलं ते त्याला माहीतच नसतं. समजा चाचा एक अख्खी गिरकी कमी फिरले असले, म्हणजे हँडलचे वीस फेरे, तर गेट बोटभर उघडं राहील आणि काटा तरी शून्यावरच दिसेल.

पण चाचा कसे चुकतील? एकतीस वर्षं!

आईने पुरणपोळी केली होती. मी अर्धी ठेवली, तर तिला वाटलं मला ताप आहे.

शनिवार, १६ एप्रिल

साहेबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हे खरं. मग म्हणाले, "माया, तुला माहीत आहे का हँडल एक फेरा जास्त फिरलं तर काय होतं?"

मला नाही तर कोणाला माहीत असणार.

इथे लिहूनच टाकते. सत्त्याण्णव साली चाचा आणि चाची नगमाच्या लग्नासाठी आठ दिवस बाळापूरला गेले होते. गेट माझ्या बाबांकडे होतं. या गेटाचा तळाचा अडसर तेव्हाही तुटकाच होता, आजही आहे. गेट तळाला टेकलं तरी हँडल थांबत नाही, फिरतच राहतं, आणि पहिल्यापासून इतकं जड की हाताला फरक कळत नाही. गेट वर-खाली करणारा दांडा लोखंडी नळीत बंद, वरून दिसत नाही. बाजूची मोजपट्टी कधीच भंगारात गेली. बाबांच्या मोजण्यात चूक झाली. दीड फेरा जास्त. दांडा वाकला, गेट तिरकं होऊन अडकलं, आणि सगळा तलाव वाहून गेल्यावरच ते दुरुस्त झालं. बाबांना भांडारात बसवलं. लोक त्यांना 'दीडफेऱ्या' म्हणायचे. पाच वर्षांनी गेले ते, पण आमच्या घरात ते नाव अजून आहे.

"मेकॅनिकलवाल्यांना पत्र टाकतो. नळी खोलून पाहतील," साहेब म्हणाले.

"कधी येतील?"

"जूनमध्ये."

"आणि तोवर?"

"तोवर हात लावायचा नाही. शून्य म्हणजे शून्य."

मी उठले. दारापर्यंत गेले तेव्हा म्हणाले, "तुझ्यासाठीच सांगतोय." ते जास्त लागलं.

सोमवार, १८ एप्रिल

तीन मीटर अठ्ठावन्न. रोज पाचच. निदान वेळ तरी पाळतंय.

आज धीर करून चाचांना सरळ विचारलं. "चाचा, उघडताना किती दिले आणि बंद करताना किती? एवढंच सांगा."

"शेहेचाळीस," ते ताडकन् म्हणाले. "शेहेचाळीस दिले, शेहेचाळीस घेतले."

मी वही उघडली. शेहेचाळीस गुणिले अठरा, आठशे अठ्ठावीस. दोन पूर्ण वर्तुळं गेली सातशे वीस, उरले एकशे आठ. म्हणजे काटा सहाव्या रेघेवर हवा होता. माझ्या चित्रात तो चौदाव्या रेघेवर आहे. मी चित्र त्यांच्यापुढे धरलं. "चाचा, शेहेचाळीस होऊच शकत नाही. चौदा असेल, चौतीस, चोपन्न, चौऱ्याहत्तर, चौऱ्याण्णव..."

त्यांनी चित्राकडे खूप वेळ पाहिलं. मग एकदम भडकले. "तू मले हिसाब शिकवतं? तू पैदा नोती झाली तवापासून हे हँडल माह्या हातात हाय! जाय, तुह्या बापानं काय दिवे लावले ते पाय आधी!"

मी वही मिटली. पायऱ्यांवर जाऊन बसले आणि रडले. थोड्या वेळाने ते स्वतःच आले, डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "नगमा, रोती कायले? सासरी कोनी काई बोललं का?"

म्हणजे थट्टेवारी नेलं. माफी मागायची नाही म्हणून असं. मला इतका राग आला की मी न जेवता निघाले. खिडकीत चाची होत्या, दोन दोऱ्यांची तस्बीह हातात. माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

बुधवार, २० एप्रिल

झोप नाही. डोळे मिटले की रेघा दिसतात. मी एकदा म्हणते वीस फेरे फिरवून टाकावे. लगेच वाटतं, खरंच बंद असेल तर? दीडने दांडा वाकला, वीसने तर तुटेल. नऊ गावं. आणि मग म्हणतील, बापाने दीड, पोरीने वीस.

न फिरवावं तर चार जून.

शनिवार, २३ एप्रिल

आज सुट्टीचा शनिवार. आईला सांगितलं दर्यापूरला मैत्रिणीकडे जाते, आणि तलावावर गेले. गेज तीन तेहेतीस. चाचा फाट्यावर औषध आणायला गेलेले. चाची एकट्या ज्वारी निवडत होत्या. मी पाणी मागितलं. त्यांनी तांब्या दिला आणि माझ्यासमोर बसल्या, तस्बीह मांडीवर.

"चाची, मन्नत कशाची हो?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं. "दोन दोरे आहेत."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "मन्नत नोय, माय. हा लाल उघडाचा. हा पांढरा बंदचा."

मला कळेना.

"तुह्या बाबाचं तसं झालं, मंग मी ठरवलं. आमी तवा लगनात व्हतो, इथं त्याले साथ द्याले कोनी नोतं. तवापासून हे हँडल फिरवते आन् मी खिडकीत बसतो. खटका वाजला का एक दाना, एका दान्याले एक नाव अल्लाचं. उघडून झालं का शेवटच्या दान्याले लाल दोरा. मंग बंद करतानी त्याच दान्यावर याले पायजे. आठ वर्षं झाले, बराबर येते. दोरा कापून टाकतो." त्यांनी पांढऱ्या दोऱ्यावर बोट ठेवलं. "या टायमाले आलं नाई."

मी तांब्या खाली ठेवला.

"मंग सांगतलं काऊन नाई, चाची?" माझ्याही तोंडून गावचीच भाषा निघाली.

"मले वाटलं माहीच चूक. त्या दिवशी जीप आली, बकऱ्या वरडल्या. मले आता आयकू बी कमी येते." मग हळू आवाजात, "आन् सप्टेंबरात हे रिटायर हून राहिले, माय. आता कोनी म्हनाव का इनायतुल्ला भुलला?"

तस्बीह तेहेतीस मण्यांची. फुंद्यापासून, म्हणजे माळेच्या गोंड्यापासून, मोजायचं. लाल दोरा आठव्या मण्यावर, पांढरा एकविसाव्या. माळेचे पूर्ण फेरे किती झाले ते लक्षात राहायला त्या ओढणीला गाठी मारतात, पण ओढणी धुतली तेव्हा गाठी सुटल्या. म्हणजे चाचींकडेही उरलेलंच आहे. पूर्ण फेरे नाहीत.

मी तिथेच जमिनीवर बसून वही उघडली.

उघडताना: काटा सांगतो वीसने भागून चौदा उरतात. माळ सांगते तेहेतीसने भागून आठ उरतात. चौदाला तेहेतीसने भागलं तर चौदाच उरतात, नाही. चौतीसला एक. नाही. चोपन्नला एकवीस. नाही. चौऱ्याहत्तरला, दोन तेहेतिशे सहासष्ट, उरले आठ! पुढचे चौऱ्याण्णव, एकशे चौदा पण पाहिले, नाही जमत; त्याहून जास्त फेरे या गेटाला नाहीतच. चौऱ्याहत्तर.

बंद करताना: काटा चौदाव्या रेघेवरून शून्यावर आला, म्हणजे पुन्हा चौदाच उरले. माळ सांगते एकवीस. चौदा नाही, चौतीस नाही, चोपन्न. चोपन्नला तेहेतीसने भागून एकवीस.

चौऱ्याहत्तर उघडले, चोपन्न बंद केले.

वीस राहिले. काट्याची एक अख्खी गिरकी.

मी चाचींना मिठी मारली. त्या मात्र रडायला लागल्या. मला वाटलं आनंदाने.

रविवार, २४ एप्रिल

सकाळपासून उलट तपासतेय. चाचींना कमी ऐकू येतं. एखादा खटका सुटला असला तर? म्हणून मुद्दाम चुकवून पाहिलं. लाल दोरा सातव्या मण्यावर असता तर? काट्याशी जमेल असा एकही आकडा सापडत नाही, थेट शेकड्यांत जातं. नवव्यावर? तोच प्रकार. पांढरा विसाव्यावर, बाविसाव्यावर? नाही. एक मणी इकडचा तिकडे झाला असता तर कुठलाच हिशेब बसला नसता. दोन वेगवेगळ्या साक्षी आहेत, एकमेकींना न भेटलेल्या, आणि दोघी तेच बोलतायत.

मग भीती का जात नाही? कागदावर उत्तर बरोबर आल्याने दांडा वाकायचा थांबत नाही. बाबांनीही मोजलंच होतं.

आईने वहीतल्या रेघा पाहिल्या. ती शिकलेली नाही, पण तबकडी तिने ओळखली. बाबाही घरी अशीच काढायचे म्हणे, पाटीवर. "तू त्या हँडलच्या नादी लागू नको, माया," ती म्हणाली. "एक मानूस गेला त्याच्यात. मले आता दुसरं कोनी नाई." मी हो म्हटलं. खोटं बोलले.

सोमवार, २५ एप्रिल

साहेबांनी माझा कागद वाचला, मग कॅल्क्युलेटर काढून स्वतः भागाकार केले. सगळे. मी उभीच होते. शेवटचा जुळल्यावर म्हणाले, "हे मण्यांचं कोणी मोजलं?"

"गेटवर राहणाऱ्या माणसानं."

"मग वीस दिवस तो माणूस गप्प का होता?"

मी भागाकारांचा कागद पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनीही ताणून धरलं नाही. खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "इनायतुल्लानं मागच्या महिन्यात मला माझ्याच वडिलांच्या नावानं हाक मारली. मला वाटलं गंमत करतोय." मग एकदम ऑफिसचा आवाज, "मी उद्या दौऱ्यावर आहे. करायचं तर लेखी दे. जबाबदारी तुझी."

मी लिहिलं: तबकडीवरचा काटा पूर्ण फेरे दाखवत नसल्याने गेट वीस फेरे उघडं राहिलं आहे, ते बंद करण्यात येत आहे, दुसरा काटा बसवावा. चूक काट्याची आहे, आणि ते खोटं नाही. सही करताना 'गवई'मधला 'ग' वाकडा आला. बाबांच्या सहीत पण असाच असायचा, शेवटी-शेवटी.

एसटीत साहेबांचं वाक्य आठवत राहिलं. तू कोनाची वो. दुसरा चहा. नगमा, रोती कायले.

मी किती आंधळी आहे.

मंगळवार, २६ एप्रिल

गेज तीन अठरा. नऊ वाजता पोचले.

मी हँडलचं कापड सोडायला लागले तर चाचांनी माझा हात बाजूला केला. "हट, बेटी. माहं अपुरं काम हाय." म्हणजे चाचींनी त्यांना सांगितलं होतं. काय सांगितलं, कसं सांगितलं, ते मला माहीत नाही. दोघांचे डोळे सुजलेले होते.

मग चाचा खिडकीकडे वळून म्हणाले, "हाजरा, बाहीर ये. आता तिथं कायले बसतं?"

आठ वर्षांत पहिल्यांदा त्या गेटाच्या ओट्यावर आल्या. ओढणी डोक्यावर घट्ट, तस्बीह हातात, बोट पांढऱ्या दोऱ्याच्या मण्यावर. चाचा म्हणाले, "तू सांग. मी फक्त फिरवतो."

टक्. एक मणी.

मी काट्याकडे पाहत होते आणि मनात मोजत होते. पाच. सहा. चाचांचे हात अजून कसे चालतात! जिथे जोर लावायचा तिथे जोर, जिथे सोडायचा तिथे सैल. हात काही विसरले नव्हते. बाराव्या फेऱ्याला चाचींचं बोट फुंद्याशी आलं, तेहेतीस संपले, माळ पुन्हा पहिल्यापासून. पंधरा. सोळा. सतरा. अठरा.

एकोणिसाव्याला खालून आवाज आला. कर्रर्र, दगडावर लोखंड घासल्यासारखा. चाचा थांबले. मला बाबांचा दांडा दिसला, वाकलेला, मी प्रत्यक्षात कधी न पाहिलेला. "बस करा," हे शब्द माझ्या जिभेवर होते. एकच फेरा कमी राहिला तर काय बिघडणार होतं? थोडं गळेल. गळू दे.

चाचा चाचींकडे पाहत होते. काट्याकडे नाही, माझ्याकडे नाही.

"अजून एक," चाची म्हणाल्या. आवाज अजिबात हलला नाही.

त्यांनी फिरवलं. टक्. काटा शून्यावर आला. चाचींचं बोट लाल दोऱ्यावर होतं.

"बस."

मी धावत सुटले. बांधावरून, काट्याकुट्यातून कालव्याच्या तोंडापर्यंत. दहा मिनिटं काहीच फरक दिसेना. गेटाखालच्या बोगद्यातलं पाणी निपटायला वेळ लागतो हे माहीत असूनही मी देवाधर्माचं नाव न घेणारी, मनात काय काय पुटपुटले. मग झुडपांच्या मुळाशी ओली खूण दिसायला लागली. पाणी उतरत होतं. शेवटी उरला तोच जुना ओघळ. मी तो टांग टाकून ओलांडला, परत ओलांडला, आणि वेड्यासारखी चार वेळा इकडून तिकडे गेले.

वर आले तर चाची ओट्यावरच बसून दातांनी दोरे तोडत होत्या. आधी पांढरा, मग लाल.

शुक्रवार, २९ एप्रिल

तीन मीटर बारा. तीन दिवसांत सहा सेंटिमीटर. या चालीने तीन ऑगस्टपर्यंत पाणी पुरतं. पट्टीसोबत फोटो काढून घ्यावा तशी मी तिच्यापुढे उभी होते.

चाचा पायरीवर आले. "बेटी, किती फेरे राहिले व्हते गा?"

"वीस, चाचा."

"वीस." मान हलवली. थोड्या वेळाने, "आन् किती राहिले व्हते?"

"वीस."

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हाही सांगितलं. मग त्यांनी चहा दिला, आणि दुसराही दिला. मी दोन्ही प्यायले. चाचींना म्हटलं, पुढच्या वेळी खटका मीही मोजेन, तुमच्या शेजारी बसून. त्या म्हणाल्या, "मंग तुही माळ तू आन. ही माही हाय."

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. गेज पुन्हा रोजच्या दोनवर येईपर्यंत दम धरला होता, आज राहवलं नाही. दर्यापूरच्या मैत्रिणीचंही सांगितलं. वाटलं ओरडेल. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली.

"किती फिरवले?" तिने विचारलं.

"वीस."

"एकविसावा?"

"नाही, आई. चाची मोजत होत्या. विसाव्याला 'बस' म्हणाल्या."

तिने भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. बाबांच्या फोटोकडे पाहिलं नाही, पण बोलली त्यांच्याचबद्दल.

"त्याले 'बस' म्हनाले कोनी नोतं," आई म्हणाली.